बॅकअप अडला तर: जुन्या कॉम्प्युटरवर हिसाब ठेवणाऱ्यांसाठी

गुलमंडी, शहागंज, सिटी चौकापासून रोशन गेटपर्यंत आपल्या बाजारातील अनेक दुकानांचा हिसाब आज कॉम्प्युटरवर आहे. तो कॉम्प्युटर नवा असतोच असे नाही. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला, पुढे लॅपटॉप आल्यावर कोपऱ्यात पडलेला घरचा संगणक उचलून गल्ल्याशेजारी ठेवला जातो. त्यावर विंडोज 7 असते, क्वचित अजून एक्सपीसुद्धा. बिले निघतात, उधारी दिसते, काम चालते. काम चालते तोवर नव्या यंत्राचा खर्च टाळला तर त्यात गैर काही नाही असे आमचे मत आहे. मात्र अशा यंत्राची हार्ड डिस्क कधी बसेल याचा भरवसा नसतो, आणि तिच्यात कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, कोणत्या विणकराची मजुरी बाकी, कोणाचे ॲडव्हान्स जमा हे सारे असते. ही लोकांची अमानत आहे. सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही सांगितले आहे. कुरआनातील ती सर्वांत लांब आयत आहे. लिहिलेले वेळेवर वाचता आले पाहिजे, हे त्यात आलेच.

सरकारी बाजूही पाहावी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिसाबाचे दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायचे आहे. 2023-24 या वर्षासाठी ती तारीख 31 डिसेंबर 2024 होती. म्हणजे त्या वर्षाची बिले 31 डिसेंबर 2030 पर्यंत दाखवता आली पाहिजेत. ज्यांचे दप्तर कॉम्प्युटरवर आहे त्यांच्यासाठी जीएसटी नियमांतील नियम 57 असा आहे की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता येतील अशा रीतीने बॅकअप ठेवावा. नियमाचा सारा जोर ‘परत उभ्या करता येतील’ यावर आहे, आणि आमचाही.

बाजारात कोणाला विचारले तर उत्तर ठरलेले असते, “भाई, बॅकअप तर रोज होतो.” रोज होतो म्हणजे पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी पाटी येते. ती फाइल परत उघडून पाहिली काय, हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प होतो. कित्येक वेळा पाटी येणेही बंद झालेले असते. लाल फुलीची खूण महिनोन्‌महिने कोपऱ्यात लुकलुकत असते आणि नोकर तिच्यावर क्लिक करून ती घालवून टाकतो.

आधी हाताने नक्कल

बॅकअपचा प्रोग्राम अडला की पहिला मोह त्याच्याशी झुंजण्याचा होतो. प्रोग्राम काढा, पुन्हा टाका, डिस्क तपासणी चालवा, विंडोजच नवी करा. हे सगळे नंतर. आधी हिसाबाचे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर हाताने उतरवून घ्यावे. टॅली ईआरपी 9 मध्ये डेटा नावाच्या फोल्डरात 10000, 10001 अशा पाच आकडी नावांची फोल्डरे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. आपला डेटा नेमका कोठे आहे ते टॅली स्वतःच कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दाखवते. टॅली बंद करावी आणि ते आख्खे फोल्डर उचलावे. छोट्या दुकानाचा कित्येक वर्षांचा हिसाब साध्या पेन ड्राइव्हवर सहज मावतो. ही नक्कल हातात आली की मग प्रोग्रामची दुरुस्ती शांतपणे करता येते, आणि दुरुस्तीवाल्याला कॉम्प्युटर देतानाही धाकधूक राहत नाही.

विशेषतः डिस्क तपासणीची, म्हणजे चेकडिस्कची, घाई करू नये. खराब भाग शोधण्याची तिची लांबची तपासणी आख्खी डिस्क खरवडून वाचते. धडधाकट डिस्कला त्याचे काही वाटत नाही. पण शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्या श्रमानेच बसू शकते, आणि मग जे हाताने उतरवता आले असते तेही जाते.

प्रोग्राम कशामुळे अडतो

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा दोष निघतो तो ज्याच्यावर बॅकअप घ्यायचा त्या पेन ड्राइव्हचा किंवा डिस्कचा. प्रोग्राम म्हणतो जागा नाही, आणि आपण पाहतो तर निम्मा ड्राइव्ह रिकामा. माणूस गोंधळतो. गोष्ट अशी की लहान पेन ड्राइव्ह बहुधा फॅट 32 या पद्धतीने आखलेले येतात आणि त्या आखणीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पेटी मोठी असली तरी तिचा एकेक खण ठरलेल्या मापाचा, त्यात मोठा तागा बसत नाही, असे समजा. टॅलीचा बॅकअप लहान असतो, त्याला ही अडचण येत नाही. आख्ख्या डिस्कची एकच मोठी फाइल करणारे प्रोग्राम 4 जीबीला पोचले की थांबतात. एक्सपीतला बॅकअप प्रोग्रामही असाच थांबतो. यावर उपाय म्हणजे ड्राइव्हची आखणी एनटीएफएस करणे. नव्याने फॉरमॅट केले तर आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवून आतला माल आधी काढून घ्यावा. विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाची आज्ञाही आहे, ती माल न पुसता आखणी बदलते. पण माल काढून घेण्याची काळजी तेव्हाही सोडू नये. एक्सफॅट ही तिसरी आखणी विंडोज 7 ला कळते, एक्सपीला मात्र वेगळा अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही.

याच्या उलटही होते. दुकानदार हौसेने भलीमोठी डिस्क आणतो आणि जुने यंत्र तिला ओळखत नाही. 32 बिट एक्सपी नव्या जीपीटी आखणीची डिस्क वाचत नाही, आणि जुन्या आखणीची मजल साधारण 2 टीबीपर्यंतच जाते. काही मोठ्या यूएसबी डिस्क आतून 4 केबीचे भाग दाखवतात. त्यांच्यावर विंडोज 7 चा सिस्टिम इमेज अडतो, साधी कॉपी मात्र होते. जुन्या यंत्रासाठी 500 जीबी किंवा 1 टीबीची डिस्क पुरून उरते. मोठी घेऊन उपयोग नाही.

एक्सपी होम असलेल्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. प्रोफेशनलमध्ये बॅकअपचा प्रोग्राम आधीपासून असे; घरगुती यंत्रांवर येणाऱ्या होममध्ये तो आपोआप बसत नसे, सीडीतल्या व्हॅल्यूॲड फोल्डरातून वेगळा बसवावा लागे. म्हणून मेनूत तो सापडला नाही तर यंत्रात बिघाड आहे असे समजू नये.

दुसरे कारण वीज आणि केबल. खिशात मावणारी यूएसबी डिस्क आपली वीज कॉम्प्युटरच्या पोर्टातूनच घेते. यूएसबी 2 च्या पोर्टाला 500 मिलिअँपिअर देण्याची मर्यादा आहे, आणि डिस्क फिरायला लागताना पुष्कळ वेळा त्याहून जास्त मागते. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट लांबलचक तारेने जोडलेले असतात, तेथे वीज आणखी कमी पडते. मग डिस्क टकटक आवाज करते, दिसते, गायब होते, आणि बॅकअप मध्येच तुटतो. आधी मागच्या बाजूचे पोर्ट वापरून पाहावे, केबल बदलून पाहावी, लांब एक्स्टेन्शन काढून टाकावे. एवढ्याने पुष्कळ ‘बिघडलेल्या’ डिस्क सुधारलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. युपीएसची बॅटरी मेलेली असेल तर लाइट जाताच कॉम्प्युटर बंद पडतो आणि अर्धवट फाइल मागे राहते. तिचे नाव पुऱ्या फाइलसारखेच असू शकते, म्हणून तिचा आकार पाहण्याची सवय ठेवावी. कालचा बॅकअप 300 एमबीचा आणि आजचा 40 एमबीचा असेल तर आजच्यात काहीतरी राहिले आहे.

वेळेचा हिसाबही करून पाहावा. फार जुन्या यंत्रात यूएसबी 1.1 चे पोर्ट असतात, ते सेकंदाला साधारण 1 एमबी उतरवतात. 40 जीबी उतरवायला त्यांना अकरा तास लागतील. यूएसबी 2 वर सेकंदाला 25 एमबी धरले तरी तेच काम अर्ध्या तासात होते. यंत्रात यूएसबी 2 असून काम गोगलगायीसारखे चालत असेल तर दोष आतल्या डिस्कमध्ये शोधावा. एक्सपीत एक खोड आहे: रुंद पट्टीच्या केबलची जुनी आयडीई डिस्क वाचताना वारंवार चुका झाल्या की विंडोज स्वतःहून तिचा वेग पाडून पीआयओ नावाच्या संथ पद्धतीवर आणते आणि मग तेथेच ठेवते. लोक व्हायरस समजून बसतात. दुरुस्तीवाल्याला ‘पीआयओ मोड पाहा आणि केबल बदला’ एवढे सांगितले तरी त्याला पुढचे कळते.

आता तिसरे, आणि सर्वांत गंभीर. सायक्लिक रिडन्डन्सी चेक असे शब्द असलेली चूक आली, किंवा बॅकअप रोज त्याच टक्क्यावर थांबू लागला, तर बहुधा मूळ डिस्कचाच भाग खराब झालेला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यात तीन ओळी पाहाव्यात. 05 म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले भाग, सी5 म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे भाग, आणि सी7 म्हणजे केबलवरच्या चुका. फक्त सी7 वाढत असेल तर केबल बदलावी. 05 किंवा सी5 चा आकडा शून्याहून वर गेला आणि वाढतच असेल तर त्या डिस्कवर पैसे, वेळ किंवा दुआ-ताबीज काही खर्च न करता हिसाब ताबडतोब दुसरीकडे न्यावा. कापडाच्या दुकानात तंतू उडून पंख्यात बसतात, पंखा मंदावतो आणि आतली उष्णता वाढते. दोन-तीन महिन्यांतून एकदा कॅबिनेट उघडून ब्रशने साफ करावे, हे फुकटचे औषध आहे.

बाकीची कारणे किरकोळ आहेत, पण तीच सर्वांत जास्त छळतात. बॅकअप घेताना टॅली उघडी असेल तर तिच्या फाइलना कुलूप असते. साधे प्रोग्राम त्या फाइल गाळून पुढे जातात आणि तरीही शेवटी ‘पूर्ण’ म्हणतात. चांगले प्रोग्राम विंडोजच्या शॅडो कॉपीच्या मदतीने उघड्या फाइलचीही नक्कल घेतात, पण कोणी ‘यंत्र हलके करायला’ ती सेवा बंद करून ठेवली असेल, किंवा सी ड्राइव्हवर जागाच उरली नसेल, तर तेही अडतात. रात्री आपोआप होणारा बॅकअप होत नसेल तर पासवर्ड पाहावा: एक्सपीत खात्याला पासवर्डच नसेल तर ठरवलेले काम चालत नाही, आणि पासवर्ड नंतर बदलला तरी ते काम जुनाच घेऊन बसते. कोणी ग्राहक फोटो द्यायला पेन ड्राइव्ह लावून गेला आणि त्याने एफ हे अक्षर घेतले, तर रोज एफवर जाणारा आपला बॅकअप पत्ता चुकतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आपल्या डिस्कला झेड असे दूरचे अक्षर देऊन टाकावे.

आणि घड्याळ. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करताच तारीख वीस वर्षे मागे दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा चपटा सेल संपला आहे. मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडेही तो मिळतो, चहा-नाश्त्याच्या खर्चात. तारीख चुकली की ठरवलेला बॅकअप चालत नाही, ‘बदललेल्या तेवढ्याच फाइल घ्या’ म्हटलेला प्रोग्राम नवी फाइल जुनी समजून सोडून देतो, आणि बिलावर चुकीची तारीख पडली तर ते दुखणे वेगळेच.

तुकड्यातुकड्यांचा बॅकअप

काही प्रोग्राम पहिल्या दिवशी पूर्ण नक्कल घेतात आणि नंतर रोज फक्त बदल साठवतात. जागा वाचते म्हणून लोकांना ते आवडते. आपल्या शहरात हिमरू विणणाऱ्यांना हे लगेच समजेल. जॅकार्डची पुठ्ठ्याची भोकांची कार्डे एकामागे एक ओवलेली असतात. मधले एक फाटले की तेथली नक्षी बिघडते. बॅकअपमध्ये याहून वाईट होते. मधला एक तुकडा खराब झाला की त्यानंतरचे सगळे तुकडे निरुपयोगी होतात. लहान दुकानाने या भानगडीत पडू नये. रोज पूर्ण नक्कल, रोज तारखेचे वेगळे फोल्डर. टॅलीचा बॅकअप रोज एकाच फोल्डरात घेतला तर जुन्यावर नवा चढतो, आणि आजच्या डेटात बिघाड असेल तर कालचा चांगला बॅकअप आपणच पुसून बसतो.

ज्या प्रोग्रामने बॅकअप घेतला तोच प्रोग्राम तो उघडतो, हेही विसरले जाते. एक्सपीच्या बॅकअपची फाइल विंडोज 7 वेगळे साधन टाकल्याशिवाय उघडत नाही. नॉर्टन घोस्ट एके काळी घराघरांत होता, 2013 मध्ये त्याची विक्री बंद झाली. टॅलीचा डेटा नव्या आवृत्तीत बदलून घेतला की जुन्या आवृत्तीत तो पुन्हा उघडत नाही; म्हणून बदलण्याआधीची नक्कल जुन्या आवृत्तीच्या नावासह वेगळी ठेवावी. लग्नपत्रिका व पाट्यांचे काम करणाऱ्या बांधवांचा प्रश्न आणखी अवघड आहे. जुन्या इनपेजची उर्दू फाइल किंवा जुन्या मराठी फॉन्टमधले काम नव्या यंत्रावर नेले आणि फॉन्ट सोबत नसले तर अक्षरांची खिचडी होते. त्यांनी फाइलबरोबर फॉन्ट, प्रोग्रामची मूळ सीडी आणि असल्यास डोंगल जपावे, शिवाय प्रत्येक चांगल्या कामाची पीडीएफ करून ठेवावी.

परत उभा करून पाहणे

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उभा करून पाहावा. दुसरा नसेल तर त्याच यंत्रावर नवे रिकामे फोल्डर करून त्यात. चालू कंपनीवर मात्र तो कधीही चढवू नये. टॅली विचारते तेव्हा घाईत ‘होय’ दाबले की आजचा हिसाब जाऊन मागचा येतो. उघडल्यावर शेवटच्या बिलाचा क्रमांक, रोख शिल्लक आणि कोणत्याही तीन गिऱ्हाइकांची बाकी चालू हिसाबाशी ताडून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे. 2023 मध्ये सरकारी कागदांवर शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा अनेकांनी कंपनीचा पत्ता बदलला. जुन्या वर्षाच्या बॅकअपमध्ये औरंगाबाद दिसले तर तो दोष समजू नये. जुने दप्तर जसे होते तसेच राहू द्यावे.

नक्कल दुकानातच ठेवून भागत नाही. मे 2018 मध्ये शहागंज, राजाबाजार भागात जाळपोळ झाली तेव्हा दुकानेही जळाली. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्यात कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची बॅकअप डिस्क दोन्ही एकदमच बुडतात. एक नक्कल घरी असावी. दुसरे कारण व्हायरसचे. 12 मे 2017 ला वॉनाक्राय जगभर पसरला, त्याने फाइलना कुलूप लावून खंडणी मागितली. असे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही चालतात. एक्सपीच्या सुरक्षेची दुरुस्ती एप्रिल 2014 मध्ये थांबली, विंडोज 7 ची जानेवारी 2020 मध्ये. म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवावी. चोवीस तास लावलेली डिस्क चोराला दाखवलेल्या तिजोरीसारखी आहे. जमत असेल तर हिसाबाच्या यंत्राला इंटरनेटच देऊ नये.

इंटरनेटवर नक्कल ठेवायची तर जुन्या यंत्रावर झटापट करण्यात अर्थ नाही. क्रोमनेसुद्धा विंडोज 7 ला 2023 मध्ये सोडले. टॅलीची बॅकअप फाइल केबलने मोबाइलमध्ये घ्यावी आणि मोबाइलवरून गूगल ड्राइव्हला चढवावी. तेथे 15 जीबी मोफत मिळते. फाइल 25 एमबीपेक्षा लहान असेल तर स्वतःलाच मेल केली तरी चालते.

शेवटी पासवर्डचे. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर तो डेटा उघडण्याचा मार्ग नाही. दुकानदाराचा अचानक इंतकाल होतो आणि घरच्यांच्या हातात बॅकअप असूनही तो उघडत नाही. मयताचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांत वाटणी होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; पण कर्ज किती आणि कोणाचे हे त्या बंद फाइलमध्ये. येणेकरी स्वतः बोलत नाहीत, देणेकरी दारात येतात, आणि मुले कोणाचे खरे मानावे या पेचात पडतात. म्हणून एका कागदावर डेटाचे ठिकाण, कंपनीचे आकडी फोल्डर, पासवर्ड, टॅलीची आवृत्ती आणि बॅकअपची डिस्क कोठे आहे एवढे लिहून, बंद पाकिटात, घरात भरवशाच्या माणसाजवळ ठेवावे. दरवर्षी जकातीचा हिसाब काढताना माल आणि येणी मोजावीच लागतात. त्याच दिवशी ते पाकीट उघडून, पासवर्ड अजून तोच आहे ना, हे घरच्या माणसाकडूनच टाइप करवून पाहावे.